क्रूझ प्रवासात खरे मोल कशाचे: बंदरांचे की जहाजाचे?

किनारवाट (धागाकर्ता):

क्रूझचे आरक्षण करताना बहुतेक चर्चा जहाजाभोवतीच फिरते: मजले किती, तरणतलाव किती, रात्री रंगमंचावर कोणते कार्यक्रम. माझे मत असे की प्रवाशाने सर्वाधिक महत्त्व द्यावे ते बंदरावर मिळणाऱ्या वेळेला. जहाज साधारणपणे सकाळी सात-आठला धक्क्याला लागते, सायंकाळी चार-पाचला सुटते आणि सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी परत चढावे लागते. त्यातून उतरण्याची रांग आणि शहरापर्यंतचे अंतर वजा केले की हाती काय उरते, याचा हिशेब पैसे भरण्यापूर्वी फार थोडे लोक करतात. माहितीपत्रकात ‘रोम’ छापलेले असते तेव्हा जहाज चिविताव्हेक्कियाला थांबते आणि तेथून रोम ७० ते ८० किलोमीटर दूर असते. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जिथून जाऊन-येऊन पाच तास सहज खर्च होतात.

जिथे मोठ्या जहाजासाठी धक्काच नसतो तिथे जहाज बाहेर नांगर टाकते आणि लहान होड्यांमधून लोकांना किनाऱ्यावर नेले जाते. हातात क्रमांकाची चिठ्ठी घेऊन सभागृहात बसायचे, काचेतून समोरचे गाव पाहायचे आणि आपला क्रमांक कधी पुकारतात याची वाट पाहायची, यात सकाळचा सर्वांत चांगला प्रहर निघून जातो. जे पाहण्यासाठी आपण निघालो तेच डोळ्यांसमोर असून हाताशी लागत नाही, याची रुखरुख मोठी असते.

निवांत:

किनारवाट, आपली तक्रार खरी आहे, परंतु ती क्रूझकडून चुकीची अपेक्षा ठेवल्यामुळे निर्माण होते. ज्याला रोम पाहायचे आहे त्याने रोमला जाऊन राहावे. १८९१ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन जहाज कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीवर पाठवले, ते हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरची वाहतूक मंदावत असे म्हणून. पुढे १९०० साली केवळ सहलीसाठी बांधलेले ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ पाण्यात उतरले. तेव्हापासून या प्रवासाचा गाभा एकच आहे: राहते घर आपल्याबरोबर चालते.

सामान एकदाच लावायचे, दररोज नवे हॉटेल, नवी गाडी, नवी वेळापत्रके यांच्यामागे धावायचे नाही आणि तरीही सकाळी खिडकीबाहेर वेगळा किनारा असावा, ही सोय दुसऱ्या कोणत्याही प्रवासप्रकारात नाही. वर्षभर घर आणि कचेरी यांचे निर्णय घेऊन थकलेल्या माणसाला ‘आज काय करायचे’ हा प्रश्न पडू नये, यासारखे सुख नाही. म्हणून मी ज्या दिवशी जहाज कोणत्याच बंदरात थांबत नाही त्या दिवसांना अधिक मोल देतो.

आणखी एक गोष्ट. वारा वाढला तर कप्तान बंदर वगळू शकतो. तिकिटाच्या अटींत ती मुभा कंपनीने राखून ठेवलेली असते. ज्याची हमी नाही त्यावर सगळा आनंद बेतू नये.

किनारवाट:

निवांत, विश्रांतीचे मोल मी नाकारत नाही. परंतु जहाज हेच गंतव्य मानल्याचा परिणाम काय झाला तेही पाहू या. २०२४ मध्ये प्रवासास निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे ३६५ मीटर लांब आहे आणि खलाशी व सेवक धरून त्यावर जवळपास दहा हजार माणसे मावतात. एवढे जहाज लहान गावापुढे थांबले की त्या गावाचे काय होते, हे सांगायला नको. व्हेनिसमध्ये ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जाण्यास मनाई झाली. अलास्कातील जुनो शहराने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे घ्यायची मर्यादा आणली. प्रवाशाच्या बाजूने पाहिले तरी एकाच दिवशी तीन-चार जहाजे आलेल्या गावात गावकऱ्यांऐवजी आपलेच सहप्रवासी भेटतात. आपल्याबरोबर त्या दिवशी आणखी कोणती जहाजे येणार आहेत, हे बंदराच्या वेळापत्रकात बहुधा आधीच पाहता येते आणि ते पाहिलेच पाहिजे.

सोबती:

आपण दोघेही धडधाकट प्रवाशाच्या दृष्टीने बोलत आहात. माझी आई चाकांच्या खुर्चीवर असते. तिच्यासाठी पहिला प्रश्न बंदराचा नसतो आणि करमणुकीचा तर नसतोच. स्नानगृहाच्या दाराला उंबरठा आहे का, केबिनमध्ये खुर्ची वळते का आणि धक्क्यावर उतरता येईल का, हे तीन प्रश्न सुटले तरच पुढचे सगळे. एका बंदरात सकाळी ओहोटीच्या वेळी जवळजवळ सपाट असलेली उतरणीची फळी दुपारी भरतीमुळे इतकी चढी झाली होती की दोन खलाशांनी पुढून-मागून धरून, पावलागणिक थांबत, खुर्ची वर नेली. त्यांनी ते इतक्या सहजतेने आणि आईशी बोलत-बोलत केले की तिला ओशाळल्यासारखे मुळीच वाटले नाही. लहान होड्यांच्या बंदरांत मात्र समुद्र थोडा खवळला तरी चाकांच्या खुर्चीला नकार मिळू शकतो, आणि तो सुरक्षिततेसाठी असल्याने त्यावर वादही घालता येत नाही.

त्यामुळे निवांत यांचे म्हणणे मला जवळचे वाटते. आईसाठी क्रूझ हा जग पाहण्याचा जवळपास एकमेव मार्ग आहे. किनाऱ्यावर उतरता आले नाही तरी डेकवर बसून बंदरात शिरताना दिसणारा देखावा तिला पुरतो. त्याला कमी प्रतीचा प्रवास म्हणू नये, एवढीच विनंती.

हिशेबी:

माझ्या मते मुख्य मोल आहे ते खर्चाच्या स्पष्टतेचे. ‘सगळे समाविष्ट’ असे वाचून निघालेल्या माणसाकडून सेवाशुल्क, पेये, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांचे पैसे वेगळे घेतले गेले की उरलेला प्रवास मनातल्या मनात बेरीज करण्यात जातो. एकट्या प्रवाशाला तर दोघांच्या केबिनचे बहुतांश भाडे एकट्याने भरावे लागते. हे आधी कळले तर निवांत यांची विश्रांती खरी.

उत्तरवारा:

ज्याला जहाज आणि ठिकाण यांतून निवड करायची नाही, त्याने लहान जहाजांचा विचार करावा. अंटार्क्टिकात पाचशेपेक्षा अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून कोणालाच उतरवत नाहीत आणि एका जागी एका वेळी शंभरच प्रवासी किनाऱ्यावर असू शकतात. म्हणजे जहाजाचा आकारच तुम्ही काय पाहणार हे ठरवतो. तिथे तरणतलाव नसला तरी कोणाची तक्रार नसते, कारण व्हेल दिसला की जेवण अर्धवट टाकून सगळे डेकवर धावतात.

अर्थात, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडताना दोन दिवस जातात आणि अनेकांना बोट लागते. ज्यांना ही भीती असते त्यांनी बाल्कनीच्या मोहात वरच्या मजल्यावरची किंवा टोकाची केबिन घेऊ नये. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

निवांत:

उत्तरवारा, आपले उदाहरण सुंदर आहे, पण तो प्रवास फार थोड्यांच्या आवाक्यातला आहे. किनारवाट यांनी मांडलेला गर्दीचा मुद्दा मला पटतो. मात्र त्यावर माझा उपाय उलटा आहे: गजबजलेल्या बंदराच्या दिवशी जहाजावरच थांबावे. सगळे उतरून गेल्यावर रिकाम्या डेकवर कठड्याजवळ खुर्ची टाकून बसण्याइतकी शांतता अख्ख्या प्रवासात एरवी मिळत नाही.

किनारवाट:

सोबती, आपल्या आईंच्या प्रवासाला कमी लेखण्याचा हेतू नव्हता. उलट आपल्या अनुभवामुळे माझी भूमिका मला अधिक नेमकी करता येते. किती बंदरे लागतात, हे मोजणे व्यर्थ आहे. जहाज धक्क्याला लागते की बाहेर नांगर टाकते, धक्क्यापासून शहर किती दूर आहे आणि रात्रीचा मुक्काम आहे का, हे पाहावे. माल्टातील व्हॅलेटाला जहाज तटबंदीखालीच लागते, सिडनीत सर्क्युलर की या धक्क्यावर उतरले की समोर शहर असते. अशा ठिकाणी आठ तासही पुष्कळ होतात आणि खुर्चीवरच्या प्रवाशालाही शहर गाठण्यासाठी लांबचा प्रवास करावा लागत नाही. निवांत यांच्याशी माझा मतभेद मात्र कायम आहे. बंदर वगळले जाऊ शकते म्हणून त्याची ओढच ठेवू नये, हे मला मान्य नाही. ज्या मार्गावर वगळले जाण्याची शक्यता कमी, तो मार्ग निवडावा आणि त्यासाठी जहाज जरा साधे घ्यावे लागले तरी घ्यावे.