मदत हवी आहे : माणसाचं रूप इंग्रजीत कसं सांगायचं? (अजिंठा-वेरूळच्या पाहुण्यांसाठी)

नमस्कार मंडळी,

मी फर्दापूरकडचा. अजिंठा-वेरूळला पाहुण्यांची गाडी घेऊन जातो आणि पुढं गाइडचं काम रीतसर शिकायचं ठरवलंय. रोजचं इंग्रजी जमतं. भाडं, वेळ, जेवण, सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, हे सगळं न अडखळता सांगतो. अडतं ते माणसाच्या रूपाचं वर्णन करताना. आणि लेण्यांत तर भिंतीभर माणसंच माणसं!

अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. आत अंधार असतो, नजर बसायला वेळ लागतो, मग हळूहळू चेहरा दिसू लागतो. मान एका बाजूला कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर खाली, खांदे रुंद, कंबर बारीक, हातात कमळ. एवढा शांत चेहरा समोर असताना पाहुण्यांना नुसतं 'ब्युटिफुल' सांगून पुढं न्यायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून शब्द जमवू लागलोय : हाफ-क्लोज्ड आइज, डाउनकास्ट आइज, ब्रॉड शोल्डर्स, स्लेंडर वेस्ट. बुद्धमूर्तीच्या लांब कानांसाठी लाँग इअरलोब्ज, डोक्यावरच्या बारीक कुरळ्या केसांसाठी टाइट कर्ल्स.

आता अडचणी सांगतो.

रंगाचं काय करायचं? आपल्याकडं गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा असे किती पदर आहेत. चित्रांतही सावळ्या कांतीच्या आकृत्या आहेत आणि त्या फार देखण्या आहेत. 'ब्लॅक' म्हणावं तर सावळेपणा त्यात येत नाही, शिवाय समोरच्याला कसं वाटेल हेही कळत नाही.

दुसरं, अंगकाठी. वेरूळला २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यात काली आणि काळाच्या आकृत्या आहेत, नुसता हाडांचा सापळा. त्याच लेण्याच्या दर्शनी बाजूला मकरावर उभी गंगा, सडपातळ, डौलदार. दोघींना 'थिन' म्हणायचं का? आणि गोल पोटाच्या बुटक्या गणांना काय म्हणायचं?

तिसरी अडचण जिवंत माणसांची. फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाड्या थांबतात, तिथून बसनं लेण्यांकडं जावं लागतं. गर्दीच्या दिवशी जोडीदार चुकतात. एकदा एका परदेशी आजींचे यजमान आधीच्या बसनं पुढं गेले. आजी पार घाबरून गेल्या होत्या. अशा वेळी त्यांना नेमकं काय विचारायचं आणि पुढच्या माणसाला फोनवर काय सांगायचं, हे तोंडपाठ असलं पाहिजे. आणि कुणाला लागेल असा शब्द तोंडातून जायला नको.

शब्दकोशात शब्द ढीगभर आहेत. कुठला कुठं शोभतो ते सांगा.

प्रतिसाद :

दादा, मी अंबाजोगाईला इंग्रजी शिकवते. शब्द वाढवण्याआधी तीन क्रियापदं पक्की करा, म्हणजे निम्मं काम झालं. उंची, वय, बांधा यांना 'इज' : ही इज टॉल. शरीराचा जो भाग आहे त्याला 'हॅज' : ही हॅज अ बिअर्ड. अंगावर घातलेल्याला 'वेअरिंग' : ही इज वेअरिंग अ हॅट. आपली मुलं 'ही इज लाँग हेअर' म्हणतात ते इथंच घोटाळतात. डोक्यावरचे केस मराठीत अनेक असले तरी इंग्रजीत 'हेअर' एकवचनीच चालतं : हर हेअर इज लाँग. विशेषणं लावताना आधी लांबी, मग वळण, शेवटी रंग : लाँग कर्ली ब्लॅक हेअर.

बांध्याचं म्हणाल तर 'थिन' साधा शब्द, 'स्लिम' कौतुकाचा, 'स्किनी' बऱ्याचदा टोचणारा. तुमच्या गंगेला 'स्लेंडर' किंवा 'ग्रेसफुल' शोभेल. कालीला 'इमॅसिएटेड' किंवा सोपं 'स्केलेटल' म्हणा. गणांना 'पॉट-बेलीड' अगदी बरोबर, दगडातल्या आकृतीला राग येत नाही. पण जिवंत पाहुण्याला हा शब्द वापरू नका, 'फॅट' तर नकोच. गरजच पडली तर 'हेव्हिली बिल्ट' म्हणा. मध्यम बांध्याला 'मीडियम बिल्ड'. आपल्याकडं जाड माणसाला 'हेल्दी' म्हणायची पद्धत आहे, परदेशी पाहुण्याला त्याचा अर्थ निरोगी एवढाच लागतो.

प्रतिसाद :

मी मूळची परभणीची, बरीच वर्षं इंग्लंडात आहे. रंगाबद्दल सांगते. 'व्हीटिश' हा शब्द आपल्या स्थळांच्या जाहिरातींत सर्रास असतो, पण इकडं कुणाला कळत नाही. 'लाइट ब्राउन स्किन' म्हणा. 'फेअर' नुसता वापरलात तर ऐकणाऱ्याला सोनेरी केस वाटू शकतात, म्हणून 'फेअर स्किन' असं पूर्ण म्हणा. सावळ्या आकृत्यांसाठी 'डार्क-स्किन्ड' चालेल, आणि त्या देखण्या आहेत हेही तुम्ही इथं लिहिलंय तसंच त्यांना सांगा. ते ऐकायला फार बरं वाटेल. मात्र हरवलेल्या माणसाचं वर्णन करताना रंगापासून सुरुवात करू नका. कपडे, उंची, केस, चष्मा आधी.

आणखी एक. 'व्हॉट डज ही लुक लाइक?' म्हणजे दिसायला कसा. 'व्हॉट इज ही लाइक?' म्हणजे स्वभावानं कसा. घाबरलेल्या आजींना दुसरं विचारलं तर त्या यजमानांचे गुण सांगत बसतील आणि बस सुटून जाईल!

धागाकर्ता :

ताई, दोघींचेही मनापासून आभार. 'इज, हॅज, वेअरिंग' गाडीतल्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं. अजून दोनच गोष्टी. घाऱ्या डोळ्यांना काय म्हणायचं? आणि म्हाताऱ्या माणसाला 'ओल्ड मॅन' म्हटलेलं चालतं का?

प्रतिसाद :

घारे डोळे तपकिरी-हिरवट असतील तर 'हेझल', नुसते फिके तपकिरी असतील तर 'लाइट ब्राउन'. 'कॅट आइज' म्हणू नका. 'ओल्ड मॅन'पेक्षा 'अ‍ॅन एल्डर्ली जंटलमन' बरं, आणि वयाचा अंदाज द्यायचा तर 'इन हिज सेव्हन्टीज', म्हणजे सत्तरीतले. फोनवर सांगायचं वाक्य असं बसवा : अ टॉल एल्डर्ली जंटलमन, इन हिज सेव्हन्टीज, बॉल्ड, विथ अ शॉर्ट व्हाइट बिअर्ड, वेअरिंग ग्लासेस अँड अ ब्लू शर्ट. समोरच्यानं ते परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवू नका.