'न्यू ट्रिक्स': तुमच्यासाठी ही मालिका कोण गेल्यावर संपली?

काल जेवताना आमच्याकडे वाद झाला. मी म्हटलं, 'न्यू ट्रिक्स' २०१५ साली संपली. नवरा म्हणाला, छे, जॅक मालिकेतून गेला तेव्हा, २०१२ लाच. पुढे नुसती पाटी तीच होती. बीबीसीची ही मालिका २००३ पासून बारा सीझन चालली. निवृत्त पोलिसांना परत बोलवायचं आणि जुन्या, न सुटलेल्या केसेस त्यांच्या गळ्यात मारायच्या, एवढंच कथानक. पण सुरुवातीचे चारही नट, म्हणजे साहेब सँड्रा आणि तिच्या हाताखालचे तीन निवृत्त पोलीस जॅक, ब्रायन, गेरी करणारे, एकेक करून बाहेर पडले, शेवटच्या भागात त्यातलं कोणीच नव्हतं. तर लिहा, तुमची मालिका कोण गेल्यावर संपली? आणि मुळात ती बघायला लागलात कशा?

हॅरोहून (लंडन)
माझ्यासाठी ब्रायन. आई सहा महिन्यांसाठी इकडे आली होती. दुपारी चारला अंधार, ओळखीचं कोणी नाही. इंग्रजी तिला वाचता येतं, पण यांचे उच्चार कळत नाहीत, म्हणून खाली अक्षरं लावून बसायची. ॲलन आर्मस्ट्राँगचा ब्रायन सायकलवरून येणार, कुठल्या जमान्यातल्या केसचे तपशील घडाघडा म्हणणार, आणि घरी बायको एस्थर त्याला लहान मुलासारखं सांभाळणार. आई म्हणायची, "हा अगदी आपले अण्णा. जगाचं सगळं लक्षात, चष्मा कुठे ठेवला तेवढं नाही."

पुण्याहून
एस्थर करणारी सुझन जेमसन खऱ्या आयुष्यात जॅकची, म्हणजे जेम्स बोलमची बायको! हे कळल्यापासून ब्रायन-एस्थरचं भांडण सुरू झालं की मी उगीच जॅकचा विचार करते.

नाशिकहून
बाबा फौजदार म्हणून निवृत्त झाले. पहिले काही सीझन आम्ही लॅपटॉपवर एकत्र बघितले. विनोदांवर ते फारसे हसले नाहीत. पण या तिघांना अटक करायचा अधिकार नाही, त्याला सँड्राच लागते, हे त्यांना लगेच पटलं. "वर्दी उतरली की आपण कोण?" म्हणाले. जॅक बागेत बसून वारलेल्या बायकोशी बोलतो, ते आलं की मात्र पाणी प्यायला उठायचे. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पुढे जॅक आपलं आजारपण फक्त ब्रायनला सांगतो आणि फ्रान्सला निघून जातो. तो भाग मी दाखवलाच नाही. लॅपटॉप बिघडला म्हणून सांगितलं. ते अजून मधूनच विचारतात, त्या जॅकचं काय झालं गं?

ठाण्याहून
सगळे गळा काढताहेत म्हणून लिहितो. मी आलोच निकोलस लिंडहर्स्टसाठी. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या जुन्या विनोदी मालिकेतला त्याचा बावळट रॉडनी ज्यांनी बघितलाय, त्यांना त्याचा हा कोरडा, नीटनेटका डॅनी ग्रिफिन बघताना काय गंमत येते ते कळेल. डेनिस लॉसनचा स्कॉटिश स्टीव्हही झकास. जुन्यांच्या खुर्चीत बसवलं यात त्यांचा काय दोष? सँड्रा करणाऱ्या अमांडा रेडमनची जागा मात्र भरली नाही, हे कबूल.

लेस्टरहून
गोदामात रात्रपाळीला होतो तेव्हा सोबतचा एक साठीचा गोरा माणूस पॅकिंग करताना एकच चाल शिट्टीवर वाजवायचा. मला वाटायचं जुनं पबमधलं गाणं असेल. वर्षभराने टीव्हीवर 'न्यू ट्रिक्स' लागली आणि तीच चाल! शीर्षकगीत 'इट्स ऑलराइट', गायलंय गेरी करणाऱ्या डेनिस वॉटरमननेच. चौघांत तोच सगळ्यांत जास्त टिकला, बाराव्या सीझनच्या सुरुवातीला गेला. माझी मालिका तिथे संपली. मे २०२२ मध्ये वॉटरमन वारल्याची बातमी आली, तेव्हा त्या शिट्टीवाल्याला फोन करावासा वाटला. पण नंबर जुन्या फोनबरोबरच गेला.

धागा काढणारी
नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. तो २०१२ वर ठाम. नाशिकच्या ताई, बाबांना सांगा, जॅक फ्रान्सला गेला. खोटं नाही ते.