पतसंस्थेच्या उपविधीतला ‘इतर सेवा’ हा शब्द मान्य करायचा का?

परळचा सभासद

आमच्या पगारदार पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस काल हातात पडली. विषय क्रमांक ९, उपविधी म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांची दुरुस्ती. मजकूर एका ओळीचा: ‘संस्थेस सभासदांच्या हिताच्या इतर अनुषंगिक सेवा देता येतील.’ एका संचालकाला फोन केला तेव्हा कळलं, त्या ‘इतर’मध्ये विम्याची एजन्सी आहे, लॉकर आहेत, सोनेतारण आहे आणि हप्त्यावर फ्रिज-मोबाइल देण्याचाही विचार आहे.

मी २७ वर्षं सभासद, त्यातली ५ वर्षं संचालक. खोलीचं डिपॉझिट, आईचं ऑपरेशन, दोन्ही मुलांची शिक्षणं, सगळं या संस्थेच्या कर्जावर झालं. तिचं वाईट व्हावं असं मला स्वप्नातही वाटणार नाही. तरी या ओळीला मी विरोध करणार आहे.

कारण सांगतो. माझ्या बायकोने तिच्या ऑफिसातल्या पतसंस्थेतून मुलीच्या प्रवेशासाठी तीन लाखांचं कर्ज घेतलं. अर्जाच्या गठ्ठ्यात विम्याचाही फॉर्म होता. ‘हा लागतोच’ म्हणून सही घेतली. पगाराच्या स्लिपवर कर्जाचा हप्ता आणि विम्याचा हप्ता एकाच आकड्यात येत होता. दीड वर्षाने आमच्या लक्षात आलं की हे दोन वेगळे पैसे आहेत. बंद करायला गेलो तर ऐकायला मिळालं, आता सोडलं तर भरलेलं बुडेल.

सहकार कायद्याच्या, म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या, कलम ४९ मध्ये सभासद करारपत्र लिहून देतो आणि त्याचा मालक परस्पर पगारातून पैसे कापून संस्थेला देतो. कशासाठी? कर्जासाठी ‘किंवा संस्थेच्या इतर मागणीसाठी’. तिथेही तोच शब्द, इतर. कर्जवसुलीसाठी हा हक्क हवाच, त्याच्या जोरावर तर आमच्यासारख्यांना घरदार गहाण न ठेवता कर्ज मिळालं. पण तोच हात उद्या विम्याच्या आणि फ्रिजच्या पैशासाठी पगारात जाणार असेल, तर पगार हातात पडण्याआधीच त्याचे तुकडे होतील आणि सभासदाला नाही म्हणायला जागाच उरणार नाही. पगारकपातीने विकायच्या सेवांवर वेगळा नियम हवा, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकीच्यांना काय वाटतं?

दादरचा सचिव

काका, वहिनींच्या बाबतीत झालं ते चूकच. पण एका कारकुनाच्या चुकीची शिक्षा सगळ्या पतसंस्थांना नको.

मी १४ वर्षं एका पगारदार संस्थेचा सचिव आहे, तर टेबलाच्या या बाजूचंही ऐका. आज नवीन लागलेला मुलगा लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर पर्सनल लोन घेतो. दादरला चढतो, कुर्ल्याला पैसे खात्यात. आमच्याकडे दोन जामीनदार, पगाराच्या स्लिपा आणि संचालक सभेची वाट. ठेवीचा आणि कर्जाचा व्याजदर यांत दीड-दोन टक्क्यांचा फरक. त्यात जागेचं भाडं, तीन जणांचे पगार, ऑडिट फी, सॉफ्टवेअर. निवृत्त होणारे ठेवी काढून गावी जातात, नवे येत नाहीत. विम्याच्या कमिशनमधून एका माणसाचा पगार निघाला तर कर्जाचा व्याजदर पाव टक्का खाली आणता येतो. हे सभासदाचं हित नाही?

आणि परवानगीचं म्हणाल तर उपविधी बदलायला सभेत दोन तृतीयांश मतं लागतात, मग सहकार खात्याच्या निबंधकांकडे नोंदणी. सहकार कायद्याच्या कलम ८१ खाली दरवर्षी ऑडिट आहे. विमा विकायला विमा नियामकाचं कॉर्पोरेट एजंटचं नोंदणीपत्र लागतं, विकणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. अजून किती कुलपं लावणार?

घामाचा पैसा

माझं मत सरळ आहे. बचत घ्या, कर्ज द्या, बाकी काही नको. बँकेत ठेव ठेवली तर ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते संरक्षण नाही. असं असताना संस्थेने नवीन धंदे करून जोखीम का वाढवायची? आमच्या इमारतीतल्या एका काकूंची ग्रॅच्युइटी एका संस्थेत पाच वर्षं अडकली होती. त्या रोज जाऊन बाकड्यावर बसायच्या.

दादरचा सचिव

@घामाचा पैसा, संस्था बुडतात त्या लॉकर ठेवल्याने किंवा लाइट बिलं भरल्याने नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा कितीतरी पतसंस्थांच्या ठेवी तिथे अडकल्या. २०२२ मध्ये ती बँक दुसरीत विलीन झाली, तेव्हा संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या रकमेतल्या ८० टक्क्यांचे वर्षाला १ टक्का लाभांश देणारे प्रेफरन्स शेअर करण्यात आले, म्हणजे रोख पैशाऐवजी बँकेचे भाग हातात आले. यात पूरक सेवा कुठे होती? ते तर नुसतं ठेव ठेवणं होतं. जुन्या कामातही माणूस बुडतो.

गिरणगावची लेक

मी लॉकरबद्दल बोलते. आमची चाळ पाडून चार वर्षं झाली. आम्ही भाड्याच्या खोलीत, दर ११ महिन्यांनी नवीन करार, नवीन शेजार. आईच्या पाटल्या, माझं मंगळसूत्र आणि वहिनीचं थोडं, इतकंच सोनं. ते घेऊन मी दोन बँका फिरले. एकीकडे यादी लांब, दुसरीकडे आधी मोठी ठेव ठेवा म्हणाले. आमच्या पतसंस्थेत लॉकर असता तर मी डोळे झाकून ठेवलं असतं, कारण तिथल्या शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळे मला नावाने ओळखतात.

माझे वडील सांगायचे, पगाराच्या दिवशी व्याजवाला गिरणीच्या दारात उभा असायचा. पतसंस्था आली आणि घरातली ती भीती गेली. आज गरज बदलली आहे. संस्थेने जुन्याच गरजेवर थांबावं हे मला पटत नाही.

जमाखर्च

ताई, ओळखीचा भरवसा मोठा आहे, पण लॉकरच्या बाबतीत कागद बघा. मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करतो म्हणून सांगतो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये बँकांसाठी लॉकरचे नियम बदलले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधली वस्तू गेली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट. ती रक्कम सोन्याच्या किमतीपुढे थोडी वाटेल, पण निदान आकडा लिहिलेला आहे. हा नियम बँकांना आहे. पतसंस्था बँक नाही, तिला ‘बँक’ शब्द नावात वापरायचीही मनाई आहे. तिथे तुमच्या हातात फक्त संस्थेने छापलेला करार, आणि त्यात काय लिहायचं हे संस्था ठरवणार. लॉकर द्यायचेच असतील तर भरपाईचा आकडा उपविधीत लिहून मग द्यावेत.

सचिवसाहेब, कमिशनचा हिशेबही पुरा मांडायला हवा. सभासदांना कर्ज देण्याच्या धंद्यातून होणाऱ्या नफ्याला १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-पी खाली पूर्ण वजावट होती. विम्याचं कमिशन त्यात बसत नाही. ते ‘इतर कामकाज’, आणि अशा उत्पन्नाला वजावट वर्षाला फक्त ५० हजारांची. त्यापुढे कर भरावा लागतो. सेवांची उलाढाल वाढली तर जीएसटीचाही प्रश्न येतो. मी अशा संस्था पाहिल्या आहेत जिथे अहवालात कमिशन ठळक छापलेलं असतं आणि त्यापायी आलेला कर, सल्लागाराची फी, कारकुनाचा वेळ वेगवेगळ्या खर्चांत विखुरलेला असतो. सगळं एका पानावर आणलं की तुमचा तो पाव टक्का पुष्कळदा उरत नाही.

मुलुंडची मृण्मयी

मी आठ वर्षं आयर्लंडमध्ये होते. तिथे गावोगावी क्रेडिट युनियन आहेत, आपल्या पतसंस्थेची सख्खी बहीण म्हणा. माझी पहिली गाडी तिथल्याच कर्जावर घेतली. हा वाद तिथेही आहे. त्यांच्या १९९७ च्या कायद्यात कलम ४८ हे खास ‘अतिरिक्त सेवां’वर आहे. बचत-कर्जापलीकडची सेवा सुरू करायची तर त्यांच्या केंद्रीय बँकेची मान्यता लागते. पण झेरॉक्स काढून देणं, बिलं भरणं अशा साध्या सेवांची वेगळी यादी आहे, त्यांना मान्यतेसाठी खेटे घालावे लागत नाहीत. ब्रिटनमध्ये २०२३ च्या कायद्याने क्रेडिट युनियनना हप्तेबंदीवर वस्तू देण्याची आणि विमा वितरणाची मुभा मिळाली. म्हणजे तुमच्या नोटिशीतल्या दोन गोष्टी तिकडे कायदा बदलून, नाव घेऊन उघडल्या. दार उघडायला कोणाचीच हरकत नव्हती, फक्त कोणतं दार ते लिहून उघडलं.

माझ्या मते काकांची हरकत ‘इतर’ या शब्दाला आहे, आणि ती रास्त आहे.

विरार फास्ट

मी त्या मोबाइलवर कर्ज घेणाऱ्या पिढीतला. वय २८. मला उलटंच वाटतं. पगारातून कापलं जातं म्हणून तर माझी बचत होते! खात्यात आलेला पैसा माझ्याकडे दहा तारखेपर्यंत टिकत नाही. पतसंस्थेची महिन्याची वर्गणी कापली जाते, तेवढीच माझ्या नावावर शिल्लक. माझा अपघात विमा, आईचा आरोग्य विमा, सगळं संस्थेने पगारातून कापावं, मी आनंदाने सही करीन. मुदत चुकल्यामुळे आईची पॉलिसी एकदा बंद पडली, आणि पुढच्याच महिन्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. ६२ हजार उसने आणले. काकांचा नियम आला तर माझ्यासारख्याची सोयच जाईल.

परळचा सभासद

@विरार फास्ट, तुमचं वाचून काल रात्री बराच वेळ विचार केला. तुम्ही सांगितलेली बाजू माझ्या डोक्यात नव्हती. पगारकपातीकडे मी सरसकट धोका म्हणून बघायला नको होतं. आईच्या पॉलिसीचं झालं ते ज्याच्या घरात होतं त्यालाच कळतं.

पण तुम्ही आनंदाने सही कराल, कारण तुम्हाला कशावर सही करताय ते माहीत असेल. माझ्या बायकोला माहीत नव्हतं. कर्ज मंजूर होण्याच्या टेबलावर बसलेला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो. त्याला मुलीची फी दिसत असते, फॉर्म दिसत नसतो. म्हणून सही दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कागदावर हवी.

@मृण्मयीताई, यादीची कल्पना मी उचलतो. @जमाखर्च, लॉकरच्या भरपाईचा आकडाही.

सभेसाठी दुरुस्ती लिहिली आहे. ‘इतर अनुषंगिक सेवा’ हे शब्द काढावेत आणि सेवांची नावं लिहावीत. बिलं भरणं, दाखले, फॉर्म भरून देणं यांना संचालक मंडळाचा ठराव पुरे. विमा, लॉकर, सोनेतारण आणि हप्त्यावरची वस्तू यांतली प्रत्येक गोष्ट सर्वसाधारण सभेत वेगळी मंजूर व्हावी. कर्जमंजुरीची अट म्हणून कोणतीही सेवा घ्यायला लावू नये. अशा सेवेचे पैसे पगारातून कापायचे तर स्वतंत्र संमतीपत्र हवं, ते कर्ज हातात पडल्यावर किमान सात दिवसांनी घ्यावं, पगारपत्रकात रक्कम वेगळ्या रकान्यात दिसावी, आणि सभासदाने लेखी कळवल्यावर पुढच्या महिन्यापासून कपात थांबावी.

दादरचा सचिव

बाकी सगळं मान्य. सात दिवसांचं तर मी माझ्या संस्थेतही सुरू करीन, तो मुद्दा मला लागला. पण शेवटची अट, लेखी कळवलं की कपात थांबवायची, ती चालणार नाही. गट विम्याचा वर्षाचा हप्ता संस्था एकरकमी भरते आणि सभासदाकडून १२ महिन्यांत कापून घेते. कोणी तिसऱ्या महिन्यात ‘थांबवा’ म्हणाला तर उरलेल्या नऊ महिन्यांचे पैसे बाकीच्या सभासदांच्या खिशातून जाणार. हे न्यायाचं आहे का?

परळचा सभासद

नाही, हे न्यायाचं नाही. ‘संस्थेने आगाऊ भरलेली रक्कम वसूल झाल्यानंतर, आणि कोणत्याही परिस्थितीत चालू विमावर्ष संपल्यावर’ असं करतो. आपोआप पुढच्या वर्षी नूतनीकरण मात्र नको, दरवर्षी नवी सही.

दादरचा सचिव

दरवर्षी ८०० सभासदांच्या सह्या गोळा करणं म्हणजे दोन माणसांचं महिन्याचं काम. तरी ठीक आहे. लाभांशाच्या वाटपाला सगळे येतातच, त्या रांगेत घेता येतील.

गिरणगावची लेक

काका, लॉकर यादीत ठेवल्याबद्दल आभार. भरपाईचा आकडा किती लिहिणार ते सांगा. भाड्याच्या १०० पट लिहिणार असाल, तर भाडं वर्षाला दोन हजार धरलं तरी दोन लाख होतात. आईच्या पाटल्या त्याहून जास्तीच्या आहेत.

परळचा सभासद

ताई, १०० पट हे कमीत कमी म्हणून लिहितो. त्यावर सभासदाला स्वतःच्या खर्चाने दागिन्यांचा विमा काढता यावा, आणि संस्थेने त्यासाठी लागणारा लॉकरचा दाखला फुकट द्यावा, असं जोडतो. रविवारी सकाळी दहाला सभा आहे. अनुमोदनाला एक सही मिळाली आहे, अजून दोन-तीन असतील तर बरं. आमच्या संस्थेतलं कोणी हे वाचत असेल तर शनिवारी संध्याकाळी कँटीनमध्ये या, कागद घेऊन बसतो.