ट्विटर विकलं तेव्हाच्या बातम्या: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर

ए-302: काल गेटजवळचा विषय अर्धवट राहिला म्हणून लिहितो. ऑक्टोबर 2022 मध्ये मस्कनं 44 अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा आपल्याला बातमी कमी आणि निकालच जास्त वाचायला मिळाला. कुठं ‘आता मोकळं बोलता येणार’, कुठं ‘आता सगळं संपलं’. खरेदीसाठी काढलेलं सुमारे 13 अब्जांचं कर्ज त्याच कंपनीच्या डोक्यावर बसलं, हे मला कितीतरी उशिरा आणि आतल्या पानावर सापडलं.

बी-104: होय की सर. पण डिसेंबरात त्यानं पत्रकारांचीच खाती बंद केली, ते मी वाचलो होतो.

ए-302: खरं आहे काका. आणि 2020 मध्ये ट्विटरच्या जुन्या व्यवस्थापनानं न्यूयॉर्क पोस्ट या पेपरचं खातं अडवून ठेवलं होतं. तेव्हा गप्प बसलेले नंतर ओरडले, तेव्हा ओरडलेले नंतर गप्प.

सी-201: बातमी देणाऱ्याचा मालक कोण, तेही बघा. वॉशिंग्टन पोस्ट 2013 पासून ॲमेझॉनवाल्या बेझोसचं. मस्क आणि तो, दोघांच्याही रॉकेटच्या कंपन्या! आपल्याकडं एनडीटीव्ही 2022 च्या त्याच डिसेंबरात अदानींकडं गेलं.

बी-104: पण बेळगावात बसून आपल्याला त्याचं काय?

ए-302: काका, तोच डिसेंबर आठवा. सीमावादावरून हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. माझी मुलगी त्या दिवशी पुण्याहून यायची होती, रात्रभर झोप नाही. 14 तारखेला अमित शहांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं आणि सांगितलं की नेत्यांच्या नावानं बनावट ट्विटर खाती काढून वाद भडकवला गेला. महिनाभर आधीच ट्विटरवर आठ डॉलर भरून मिळणाऱ्या, खातं खरं असल्याच्या निळ्या खुणेआडून तोतये घुसले होते, ती योजना थांबवावी लागली, आणि निम्मे कर्मचारी काढले होते. आपल्याकडचं त्यामुळंच झालं असं मी म्हणत नाही. पण हे दोन्ही शेजारी ठेवून विचारणारी एकही बातमी मला दिसली नाही. मालकाचं कौतुक नाहीतर मालकाला शिव्या, एवढंच. ज्यांच्या रस्त्यावर दगड पडले त्यांना हे विचारायचा हक्क आहे.

सी-201: 1 नोव्हेंबरचंच बघा. एका पेपरात मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी, दुसऱ्यात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक. शहर एकच. आमच्याकडं कन्नड पेपर येतो, 11 वाजता वाचून झाला की वॉचमनच्या टेबलावर ठेवते.

बी-104: ठेवा वहिनी. आमचा मराठी पण तिथंच ठेवतो.