मधल्या सुट्टीचा डबा आणि टाइप वन मधुमेह : अर्धाच डबा खाल्ला जातो, काय करावे?

विश्रामबागची आई, सांगली :
माझी मुलगी तिसरीत आहे. गेल्या दिवाळीत तिला टाइप वन मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) असल्याचे निदान झाले. मधल्या सुट्टीआधी मी स्वतः शाळेत जाऊन इन्सुलिन देते आणि लगेच कामावर परतते. अडचण अशी की डोस दोन चपात्यांच्या हिशेबाने दिलेला असतो आणि ती मात्र कधी एकच खाते, तर कधी मैत्रिणीच्या डब्यातला बटाटा खाऊन आपली उसळ तिला देते. परवा अर्धा डबा तसाच राहिला आणि त्यानंतरच्या खेळाच्या तासाला तिला दरदरून घाम फुटला. डोस पुरा आणि खाणे कमी, त्यामुळे रक्तातील साखर ५८ (मि.ग्रॅ./डेसिलिटर) पर्यंत उतरली होती. डबा संपवण्यासाठी तिच्यामागे किती लागावे, हेच मला कळेनासे झाले आहे.

साताऱ्याचा बाबा :
ताई, आमचा मुलगा आता सातवीत आहे आणि आम्हीही याच वाटेने गेलो आहोत. सर्वप्रथम कोरडी कणीक (पीठ) वजन करून घ्यावी, कारण ‘दोन चपात्या’ हे माप लाटणाऱ्याच्या हातागणिक बदलते. ३० ग्रॅम कोरड्या कणकेच्या चपातीत साधारण २० ग्रॅम कर्बोदके (ज्यांची रक्तात साखर होते आणि ज्यांवरून डोस ठरतो) धरता येतात. दुसरे म्हणजे, मूल किती खाईल याचा भरवसा नसेल, तर डोस जेवणानंतर लगेच, प्रत्यक्ष खाल्ले असेल त्यानुसार देता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना अवश्य विचारा. जेवणाआधीचे इन्सुलिन अधिक चांगले काम करते हे खरे असले, तरी लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर कधीकधी ही मुभा देतात. डोसमध्ये आपल्या मनाने बदल मात्र करू नये.

कृष्णाकाठ :
चपातीऐवजी ज्वारीची भाकरी द्या, म्हणजे हिशेबाची कटकटच राहणार नाही.

साताऱ्याचा बाबा :
हा गैरसमज आमच्या घरातही बरेच दिवस होता. भाकरी जरूर द्यावी, पण ज्वारीच्या पिठातही कर्बोदके गव्हाच्या पिठाइतकीच असतात, त्यामुळे तिचाही हिशेब करावाच लागतो.

निवृत्त शिक्षिका, मिरज :
वर्गशिक्षिकेला सुईची भीती वाटते, हे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून तिच्याकडे फक्त एक पानभर लेखी सूचना आणि ग्लुकोजची पुडी द्यावी. साखर ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मुलीला पाणी प्यायला किंवा कार्यालयात कधीही एकटीने पाठवू नये. ती शुद्धीत नसेल, तर तोंडावाटे काहीही न देता तातडीने दवाखान्यात न्यावे. (साखर उतरली की पेढा देतात, आपल्याकडे कंदी पेढ्याचा मोह साहजिक आहे, परंतु खव्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.) राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा मुलांना शाळेत साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या वेळेत खाण्याची मुभा देण्यास सांगितले होते, मुख्याध्यापकांशी बोलताना याचा उल्लेख उपयोगी पडतो. खेळाच्या तासाआधी साखर तपासण्याचेही त्या पानावर लिहावे. उन्हाळ्यात इन्सुलिनचे पेन दप्तरात तापू देऊ नये, एवढे माझ्या अनुभवातून सांगते.

विश्रामबागची आई, सांगली :
सर्वांचे आभार. डॉक्टरांनी सध्या जेवणानंतर डोस देण्यास होकार दिला आहे, म्हणून आता मी मधल्या सुट्टीच्या शेवटी जाते आणि आधी डबा उघडून पाहते. आज एका चपातीचा चतकोर आणि निम्मी उसळ शिल्लक होती. मैत्रिणीकडून काहीही घेतले नसल्याचे तिने न विचारताच सांगितले. चतकोर वजा करणे सोपे होते, पण मटकीच्या उसळीचे माप वाटीने धरावे की वजनाने?

साताऱ्याचा बाबा :
वाटीने चालेल, मात्र ती वाटी एकदा वजनकाट्यावर भरून पाहा आणि रोज तीच वापरा. आमची वाटी लग्नातल्या आहेराची निघाली आणि बाजारच्या वाटीपेक्षा जवळजवळ दीडपट मोठी भरली.