बेटांवरील पक्ष्यांच्या नव्या जाती: आधी समुद्र की आधी चोच?

धागालेखक: प्रशांत महासागरातील गालापागोस बेटांवरच्या फिंच या लहान पक्ष्यांविषयी बोलताना आपण बहुधा चोचीपासून सुरुवात करतो, कठीण बिया फोडणाऱ्याची जाड, किडे टिपणाऱ्याची बारीक, म्हणून जाती निराळ्या. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. एकाच पूर्वजाचे वंशज वेगवेगळ्या बेटांवर विखुरले आणि मधल्या समुद्रामुळे त्यांचा संकर थांबला, हे आधी घडले. गालापागोसपासून दूर, एकट्या असलेल्या कोकोस बेटाकडे पाहा. तेथे याच कुळातील फिंच आहे, खाद्य विविध आहे, आणि कोणी फुलांतल्या मधावर, कोणी किड्यांवर तर कोणी बियांवर भर देताना दिसतो. तरीही जात एकच राहिली, कारण जवळपास दुसरे बेटच नाही.

प्रतिसाद १: असहमत. समुद्र केवळ भेट टाळतो, बदल घडवत नाही. गालापागोसमधील डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ १९७३ पासून नोंदी ठेवत होते. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या, मध्यम आकाराच्या भू-फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले, आणि तगले ते मुख्यतः मोठ्या चोचीचे. पुढच्या पिढीची चोचही सरासरीने मोठी निघाली.

धागालेखक: निघाली, पण १९८३ च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांचे पीक आले आणि निवडीची दिशा पालटली. चोच बदलत राहिली, जात तीच राहिली.

प्रतिसाद २: मग १९८१ चे काय? त्या वर्षी डॅफ्नीवर एक परका, थोराड नर आला आणि त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. नर पिल्ले गाणे बापाकडून शिकतात आणि मादी गाणे व चोच पाहून जोडीदार निवडते. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांतच हा वंश आपसातच जोड्या जमवू लागला. एकाच बेटावर, मध्ये समुद्र नसताना!

धागालेखक: हा दाखला मलाही फार मोलाचा वाटतो. मात्र जनुकीय तपासणीनुसार तो नर शंभराहून अधिक किलोमीटरवरील एस्पानोला बेटावरचा होता. म्हणजे त्याचे निराळे गाणे आणि चोच दूरच्या बेटावरच घडली होती. कुंपण पाण्याचेच असले पाहिजे असे नाही, एवढी दुरुस्ती मी माझ्या विधानात करतो. परंतु गाण्याचे कुंपण कच्चे असते: पिल्लू शेजारच्या जातीचे गाणे शिकले, तर मोठेपणी त्या जातीशीच जोडी जमवते, आणि असे संकर डॅफ्नीवर नोंदलेले आहेत.