डिशवॉशर : वरच्या रॅकमधली भांडी खरखरीत निघताहेत, मदत हवी आहे

मंडळी, डिशवॉशर वापरणारे कोणी असाल तर जरा सांगा. आम्ही पुण्यात, सोसायटीत महापालिकेचं पाणी पुरत नाही म्हणून बोअरचं मिक्स, उन्हाळ्यात टँकर. मशीन सुरुवातीला झकास चालायचं. आता खालच्या रॅकमधली ताटं, स्टीलची कढई चकाचक आणि वरच्या वाट्या-पेल्यांत बोट फिरवलं की खरखर लागते, वाटीच्या तळाशी तर आमटीतली मोहरी जशीच्या तशी. वर काचेच्या ग्लासांवर पांढरा थर, तो वेगळाच.

कंपनीचा माणूस येऊन गेला. फिल्टर उघडूनसुद्धा बघितला नाही, मोटर वीक झालीये बदलावी लागेल म्हणाला आणि आकडा असा सांगितला की त्यात थोडे घालून नवीनच घ्यावं.

मी केलेले उद्योग : फिल्टर ब्रशने घासला, ७० डिग्रीचा प्रोग्राम लावून पाहिला, टॅबलेट सोडून पावडरवर आले, रिन्स एड (भांडी डाग न पडता वाळावीत म्हणून घालायचं द्रव) भरलेलं आहे, पाणी मऊ करायला लागणाऱ्या मिठाची टाकीही भरलेली आहे (मीठ संपल्याचा लाल दिवा कित्येक महिने लागलेलाच नाही). ग्लासवर लिंबाची फोड चोळली तर पांढरं गेलं, म्हणजे क्षारच असणार, काच झिजली असती तर गेलं नसतं ना? मग हे दोन वेगळे आजार आहेत की एकच? आणि खालची भांडी साफ होत असतील तर मोटर खराब कशी?

घाटावरचा : मोटर कमजोर झाली तरी आधी वरच्या रॅकलाच कळतं, पाणी वर चढवावं लागतं ना, त्यामुळे तो माणूस अगदीच काहीच्या बाही बोलला असं नाही. पण त्याआधी फुकटातल्या गोष्टी बघा. वरचा पंखा (पाणी फवारणारा फिरता दांडा) काढून कानाशी हलवा, आत काही वाजतंय का. भोकं टूथपिकने साफ करा, टोकाची विशेषतः. पंख्याची जागा लक्षात ठेवून मशीन लावा, पाच मिनिटांनी थांबवून उघडा, जागा बदलली नसेल तर एकतर फिरत नाहीये किंवा खालच्या रॅकमधलं उंच भांडं आडवं येतंय. रॅकची उंची खालीवर केली असेल तर मागचा पाइप नीट जुळलाय ना तेही बघा.

रिकामटेकडी : ताई, दोन आजार. बोअरचं पाणी आणि मीठ महिनोन् महिने संपतच नाही ही चांगली बातमी नाहीये 😄 मशीन मीठ वापरतच नाहीये, हार्डनेसचं (पाणी किती जड आहे त्याचं) सेटिंग बघा. टीडीएस मीटरवर जाऊ नका, त्यात सगळेच क्षार येतात, हार्डनेसचं वेगळं टेस्ट किट मिळतं. बहुतेक मॅन्युअलमधे जर्मन डिग्री असते, १ डिग्री म्हणजे साधारण १७.८ पीपीएम, म्हणजे ५०० पीपीएम आलं तर २८. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात हार्डनेस २०० पीपीएमपर्यंत ठीक आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, बोअरवाल्यांनी काय ते समजून घ्या. आणि मीठ डिशवॉशरचंच, घरातलं आयोडीनवालं नको.

धागाकर्ती : पंखा काढला. हलवला तर चक्क खुळखुळा! टोकाच्या भोकातून दोन मोहऱ्या, कढीपत्त्याची शीर आणि खोबऱ्याचा कीस निघाला. पण मोहरी फिल्टर ओलांडून पंख्यात गेलीच कशी?

घाटावरचा : हाच मुद्दा. फिल्टर खट्ट होईपर्यंत फिरवून बसवला नाही किंवा जाळी फाटली की सगळं बाजूने आत जातं आणि मोटर तेच परत भांड्यांवर उडवते. जाळी उजेडासमोर धरून बघा. पंपाच्या तोंडाशीही काही अडकलंय का बघा, पण मशीनचा प्लग काढून, काचेचा तुकडा असला तर बोट कापतं.

धागाकर्ती : बारीक जाळी एका कडेने उसवलीये, नख आरपार जातं. आणि हार्डनेसचं सेटिंग सगळ्यात कमीवर आहे, बसवायला आलेल्याने हात लावलेला दिसत नाही. टेस्ट किट मागवलंय. तोवर अंदाजाने वाढवून ठेवू का? नुसता फिल्टर सुटा मिळतो का पुण्यात कुठे? कस्टमर केअरवाले म्हणताहेत आधी व्हिजिट बुक करा.